कैलास माणसांनी खोदला

वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात, कैलासात, शिरा आणि कान उघडे ठेवून उभे राहा. थोड्याच वेळात शेजारून वाक्य येईल : ‘हे माणसाचं काम असूच शकत नाही.’ बोलणारा कधी नुकताच नोकरीला लागलेला इंजिनिअर असतो, कधी नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, कधी तर चक्क शाळेची सहल आणलेले गुरुजी. पोरं माना वर करून बघताहेत आणि गुरुजी सांगताहेत, की शास्त्रज्ञांनाही हे कोडं अजून सुटलेलं नाही. कुठले शास्त्रज्ञ? कुठलं कोडं? गुरुजींनी आदल्या रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलेला असतो. एवढाच त्यांचा व्यासंग.

या वाक्याचा मला संताप येतो. वरवर ते कौतुक वाटतं, पण ती चोरी आहे. डोंगराच्या माथ्यावर उन्हात बसून ज्यांनी टाकी धरली, ज्यांच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ गेली, त्यांच्या हातातून हे काम काढून घ्यायचं आणि कुणा परग्रहवासीयाच्या खात्यावर जमा करायचं! मजूर मेल्यावर त्याची मजुरी बुडवावी, तसा हा प्रकार आहे.

आणि हे कोण करतं? ज्यांच्या तोंडी चोवीस तास ‘आपले पूर्वज’ असतात तेच. बाकी वेळी पूर्वजांनी विमानं उडवली, अणू फोडला, प्लास्टिक सर्जरी केली. पुरावा विचारलात तर तुम्ही देशद्रोही. आणि जिथे पूर्वजांच्या कर्तृत्वाचा पुरावा शंभर फूट उंच, उघड्यावर, तिकीट काढून बघता येईल असा उभा आहे, तिथे आल्यावर हेच लोक म्हणतात, छे, हे आपल्यांना कसं जमेल? जे केलं नाही त्याची बढाई आणि जे केलं ते दुसऱ्याच्या नावावर. असल्या अभिमानाला काय म्हणावं?

आता त्यांचा लाडका हिशोब घेऊ. व्हिडिओत तो मोठ्या गंभीर आवाजात, मागे ढोल वाजवत सांगितला जातो. डोंगरातून चार लाख टन दगड काढला. काम अठरा वर्षांत झालं. रोज बारा तास काम चाललं असं धरलं, तर दर तासाला पाच टन दगड निघायला हवा. ताशी पाच टन! शक्य आहे का? ढोल. मग पडद्यावर उडती तबकडी.

भागाकार इथे का थांबतो? शाळेत पुढची पायरी शिकवली नव्हती? पाच टन म्हणजे पाच हजार किलो. दगड फोडायला पाचशे माणसं आहेत असं धरा. दगड वाहणारे, टाक्या शेवटून देणारे लोहार, भाकरी थापणारे सगळे वेगळे. फक्त फोडणारे पाचशे. माणशी तासाला किती झाले? दहा किलो. काळ्या दगडाचा दहा किलोचा तुकडा साधारण दोन विटांएवढा होतो. एका तासात, एका माणसाने, दोन विटांएवढा दगड फोडायचा. यासाठी यांना आकाशगंगेतून मजूर मागवावे लागतात! हे लेणं खोदवणाऱ्या राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य राज्याला पाचशे पाथरवट जमवता येत नव्हते, असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याने ते छातीठोकपणे मांडावं.

बरं, पाचशे माणसं त्या जागेत मावली तरी असती का? अंगण अंदाजे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. एकेकाच्या वाट्याला नऊ बाय नऊ फुटांची खोली येते. मुंबईत तेवढ्यात अख्खं कुटुंब राहतं.

आणि तो चार लाखांचा आकडाही फुगवलेला आहे. अंगणाची मागची कड साधारण १०७ फूट खोल. सगळीकडे तेवढीच खोली आहे असं मानून संपूर्ण अंगण एक भरीव खोका म्हणून मोजलं, तरी अंगणाचे चार लाख टन भरत नाहीत. प्रत्यक्षात डोंगर उताराचा आहे, दाराकडच्या बाजूला तेवढा दगड मुळात नव्हताच, आणि खोक्याच्या मधोमध अखंड देऊळ अजून उभं आहे. देवळाचा दगडसुद्धा यांनी काढून टाकलेल्या दगडात मोजला! बाजूच्या ओवऱ्या आणि लंकेश्वराचं लेणं जमेस धरलं तरी मी त्यांच्या आकड्याच्या निम्म्यापलीकडे फारसा जाणार नाही. तेव्हा दोन विटांची झाली एक वीट.

मग पुढचा प्रश्न येतो : तो दगड गेला कुठे? एकही ढीग का सापडत नाही? अहो, फोडलेला दगड ही कामाची वस्तू आहे. घराच्या जोत्यात जातो, बांधात जातो, वाटेवर पसरला जातो, उतारावर भराव होतो. पुढे बाराशे वर्षांनी कुणी शंकेखोर येईल म्हणून राडारोडा जपून ठेवायची पद्धत कुठल्या गावात आहे? तुमच्या इमारतीच्या पायातून निघालेली माती आज कुठे आहे, सांगू शकाल?

कळस आधी आणि पाया नंतर, याचंही फार गूढ केलं जातं. गूढ कसलं? डोंगर कोरायचा तर वरूनच सुरुवात करायला हवी. माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणत खाली उतरायचं आणि मधला दगड सोडायचा. उभं राहायला परांची लागत नाही, कारण पायाखाली न फोडलेला दगड आहेच. वरचं नक्षीकाम पुरं करून मग एकेक टप्पा खाली यायचं. खालून वर गेलात तर फुटके दगड झालेल्या कामावर पडतील. ही अक्कल कुठल्याही गवंड्याला असते. ती अंतराळातून आयात करावी लागत नाही.

शिवाय असं काम एकट्या कैलासातच झालंय का? महाबलीपुरमचे रथ त्याआधीचे, सातव्या शतकातले, पल्लवांचे; अखंड दगडातून कोरलेले. तमिळनाडूत कळुगुमलै इथे वेट्टुवन कोविल आहे, पांड्यांच्या काळातलं. त्याचं शिखर कोरून तयार, मूर्ती तयार, आणि खालचा भाग तसाच, अर्ध्यावर टाकलेला. काम वरून खाली कसं येतं हे त्या देवळाकडे बघून लहान पोरालाही कळेल. मध्य प्रदेशात धमनारला डोंगर खोदून केलेलं देऊळ आहे. हिमाचलात मसरूरला अशी देवळं आहेत. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? वेरूळलाच तीस क्रमांकाचं जैन लेणं आहे, छोटा कैलास. मोठ्या कैलासाचा कित्ता डोळ्यांसमोर ठेवून कोरायला घेतलं आणि अपुरं राहिलं. परग्रहवासीयांचे पैसे संपले होते का?

या कामाला घराणं आहे, बापजादे आहेत. कांचीचं कैलासनाथ देऊळ पल्लवांनी बांधलं. चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली आणि तिच्या देवळांवर लुब्ध झाला. त्या विजयाखातर त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ उभारलं, साधारण ७४० च्या सुमारास. मग राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडली, आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या त्याच्या चुलत्याने, कृष्णराजाने, विरूपाक्षाचाच आराखडा वाढवून तो वेरूळच्या डोंगरात उतरवला. नंदीमंडप, मुख्य मंडप, गाभारा, शिखराची घडण, सगळ्याची सोयरीक जुळते. आधी पट्टदकल आणि मग वेरूळ बघितलं, की आजोबा आणि नातू शेजारी बसवल्यासारखं वाटतं. कुठल्या राजाने किती भाग कोरवला यावर अभ्यासकांत वाद आहेत. हर्मन गोएट्झ यांना त्यात अनेक पिढ्या दिसल्या, म. के. ढवळीकरांनी मुख्य काम कृष्णराजाच्याच काळातलं ठरवलं. भांडण कडाक्याचं आहे, पण ते कोणत्या माणसांनी केलं यावर आहे. माणसांनी केलं की नाही, हा वाद अभ्यासकांत कधी झालेला नाही. तो व्हिडिओत होतो.

अलीकडे दुसरा पंथ निघाला आहे. त्यांना परग्रहवासी नकोत, ते परके पडतात. त्यांच्या मते कुठलंसं दिव्य अस्त्र सोडून दगडाची वाफ करण्यात आली. म्हणजे अस्त्र देशी, अपमान तोच! लेण्यांच्या भिंतींकडे तोंड करून उभे राहा आणि दुपारचं तिरपं ऊन पडू द्या. टाकीच्या रेघा दिसतात. एकामागून एक, तिरक्या, कधी दाट, कधी विरळ. एका जागी रेघांचा कोन बदलतो. तिथे हात बदलला असेल, नाहीतर माणूस. अपुऱ्या लेण्यांत तर सगळं शिक्षणच मांडून ठेवलं आहे : आधी चर, मग मधला वरंबा फोडून काढायचा, मग खांबाचा ओबडधोबड चौकोन, मग त्याचे पैलू. दगडाची वाफ करणारं अस्त्र अशा रेघा मारत बसेल का?

आणि ज्यांना काळा दगड म्हणजे अभेद्य वज्र वाटतं, त्यांनी आपल्या आईला किंवा आजीला विचारावं. पाटा-वरवंटा याच काळ्या दगडाचा. तो गुळगुळीत झाला, की दारावर येणाऱ्या वडार बाईला हाक मारायची आणि पाट्याला टाकी लावून घ्यायची. मांडी घालून बसायची ती. एका हातात टाकी, दुसऱ्यात हातोडी, कडेला पोर झोपलेलं. टक टक टक, आणि बघता बघता पाट्यावर ओळीने खाचा उमटायच्या, एकही ओळ वाकडी नाही. तिला कुणी ‘हे माणसाचं काम नाही’ असं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट दोन रुपयांसाठी घासाघीस केल्याचं पुष्कळ ऐकलं आहे. जिवंत कारागिराला घासाघीस आणि मेलेल्याला नकार. दगड फोडणाऱ्या जातीला या महाराष्ट्राने गावाबाहेर पालांत ठेवलं. तिच्याच कसबाने कैलास उभा राहिला असेल हे कबूल करण्यापेक्षा परग्रहवासी परवडला, हे या गूढकथेचं खरं मर्म आहे असं माझं मत आहे.

ही गूढकथा विकायला प्रथम ज्यांनी सुरुवात केली त्यांचं धोरणही तपासून घ्या. एरिख फॉन डॅनिकेनचं पुस्तक १९६८ मध्ये आलं, आणि जगभरच्या प्राचीन वास्तूंना अंतराळातले कंत्राटदार मिळाले. पिरॅमिड? परग्रहवासी. पेरूतल्या रेषा? परग्रहवासी. मग वेरूळलाही तेच आले. कोलोनचं कॅथेड्रल कुणी बांधलं? माणसांनी. तिथे कुणाला शंका येत नाही. गोऱ्या माणसाने बांधलं ते कसब आणि काळ्या-सावळ्याने बांधलं ते गूढ, असा हा बाजार आहे. युरोपातल्या लेखकांनी आपल्या पूर्वजांना नालायक ठरवलं आणि आपण ते हिंदीत, मराठीत डब करून, खाली ‘अभिमानाने पुढे पाठवा’ असं लिहून घरोघर वाटलं. मेकॉलेला जे साधलं नाही ते आपण फुकटात केलं.

यावर त्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं : तुमच्याकडे लेखी पुरावा कुठे आहे? आहे. बडोद्याला एक ताम्रपट सापडला, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा, शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२ च्या सुमाराचा. कृष्णराजानंतर अवघ्या चाळीसएक वर्षांनी लिहिलेला. त्यात एलापूरच्या डोंगरावरल्या कृष्णराजाच्या देवळाचं वर्णन आहे. ते वेरूळचं कैलास, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. आणि त्यात कवी काय सांगतो? विमानांतून जाणाऱ्या देवांना ते देऊळ बघून आश्चर्य वाटलं; हे आपोआप प्रकटलं असावं, असली शोभा कृत्रिम असणार नाही, असं ते म्हणाले. वाचताना क्षणभर वाटतं, व्हिडिओवाल्यांचा मूळपुरुष सापडला. पण पुढे वाचा. कवी लगेच शिल्पीकडे वळतो. हे ज्याने घडवलं तो स्वतःच थक्क झाला आणि पुन्हा असं आपल्या हातून होणार नाही असं त्याला वाटलं, हे तो सांगतो. ‘माणसाचं काम नव्हे’ ही स्तुती त्याने देवांच्या तोंडी घातली, आणि त्याच दमात काम करणारा माणूस उभा केला. नवव्या शतकातल्या कवीला अतिशयोक्ती आणि हकिकत यांतला फरक कळत होता. आपल्याला पदव्या घेऊनही कळत नाही.

बघण्याच्या बाबतीत तरी काय उजेड आहे? कैलासात शिरायचं, हत्तीपाशी फोटो, ध्वजस्तंभापाशी फोटो, वाटाड्याकडून टनांचा आकडा ऐकायचा, ‘अमेझिंग’ म्हणायचं आणि बाहेर. पुढे घृष्णेश्वराची रांग, मग बीबी का मकबरा, मग हिमरू शाल. वेरूळला हिंदू लेणी सतरा आहेत, बौद्ध बारा, जैन पाच. पंधराव्यात दंतिदुर्गाचा लेख आहे, म्हणजे त्या घराण्याची सही. एकविसाव्यात दारालगत मकरावर उभी गंगा आहे, कैलासाच्या किती तरी आधीची. तिच्या कमरेचं वळण बघून पाय निघत नाही. एकोणतिसावं धुमार लेणं घारापुरीचं सख्खं भावंड. पण हे बघायला चालावं लागतं, आणि धर्माच्या नावाने मैलोगणती मिरवणुकीत नाचणारी मंडळी एकोणतिसाव्या लेण्यापर्यंत चालायला तयार नसतात.

कैलासातच दक्षिण बाजूला, खाली, रावणाने कैलास हलवल्याचं शिल्प आहे. दहा मिनिटं द्या त्याला. रावण दगडात खोल, अंधारात आहे. त्याचे हात पंख्यासारखे पसरलेत आणि सावली त्या हातांना जोर देते. वर पार्वती दचकून शंकराचा दंड धरते. शंकर नुसता बसलेला, पायाच्या दाबाने डोंगर स्थिर करणारा. आणि मागे एक दासी पळते आहे. पाठमोरी. पुराणात तिला कोण विचारतं? पण ज्याने हे कोरलं त्याला ठाऊक होतं, की घर हादरलं तर मालकीण नवऱ्याला बिलगते आणि मोलकरीण दाराकडे धावते. एवढं बारीक निरीक्षण करायला पृथ्वीवर, माणसांत, गरिबांच्या शेजारी राहावं लागतं. दासीची ती पाठ दाखवून मला कुणी तबकडीची गोष्ट सांगावीच.

याच लेण्यांत भिंतींवर नावं कोरलेली आहेत. खिळ्याने, किल्लीने. बदाम, बाण, अमुक लव्ह तमुक. माणसाला हा दगड कापता येत नाही म्हणणाऱ्यांच्यातलाच कुणीतरी तो दगड किल्लीने कापतो! निदान स्वतःच्या प्रयोगावर तरी विश्वास ठेवा.

मुंबईकरांनी वेरूळकडे बोट दाखवून हसू नये. जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं, देशातल्या मोठ्या शैव लेण्यांपैकी एक. वस्ती त्याच्या डोक्यापर्यंत येऊन भिडली आणि सांडपाणी आत झिरपलं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराचं पोर्तुगीजांनी चर्च केलं, तो क्रूस भिंतीवर अजून दिसतो. पोर्तुगीजांना शिव्या जरूर द्या. घारापुरीचा शिलालेख त्यांनीच उचलून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. म्हणून त्या त्रिमुखी सदाशिवाचा कर्ता आज नाण्यांवरून, कलचुरी कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांवरून, अंदाजाने शोधावा लागतो. पण जोगेश्वरीचं सांडपाणी कुणी सोडलं? सनातन संस्कृतीवर तासभर बोलणारे अंधेरीत राहतात, आणि एक स्टेशन पुढे उतरून त्या लेण्यात कधी पाऊल टाकत नाहीत. तिथे रहस्य नाही, ढोल नाही. फक्त आपल्या पूर्वजांचं काम आहे, ओलं आणि दुर्गंधीत उभं. तेव्हा पूर्वज आठवत नाहीत.

शेवटचा बाण त्यांच्याकडे असतो तो हा : माणसांनी खोदलं म्हणता, तर त्यांची नावं सांगा. काही आहेत. विरूपाक्षाच्या देवळावर त्याच्या सूत्रधाराचं नाव कोरलेलं आहे, अनिवारिताचारी गुंड. राजाने त्याला दिलेला मानही तिथे नोंदवला आहे. सर्वसिद्धी आचारी हे दुसरं नाव. वेरूळचा कर्ता म्हणून मराठी परंपरेने पैठणच्या कोकसाला लक्षात ठेवलं. राणीने कळस बघितल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही असा नेम धरला, आणि त्याने आधी कळस कोरून दाखवला, ही कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आहे. ती दंतकथा आहे, कबूल. पण दंतकथेतसुद्धा आमच्या लोकांनी पैठणचा कारागीरच आणला, आभाळातून कुणाला उतरवलं नाही. बाकीच्या शेकडो हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. नाव ठाऊक नाही, म्हणून माणूसच नव्हता? मग तुमच्या खापरपणजीचं नाव सांगा बघू.